बेत मोडतो तेव्हा

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली, की आपल्याकडच्या अनेक घरांत संध्याकाळच्या चहाबरोबर एक ठरावीक विषय निघू लागतो. गावाकडचे घर नीट करून तिथे राहायला जायचे. राहून गेलेली चारधाम यात्रा करायची. तरुणपणी बाजूला पडलेली पेटी माळ्यावरून खाली काढायची. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, मुदतठेवींचे व्याज, घराच्या छपराला लागणारा खर्च असे सारे हिशेब वहीत मांडले जातात. या हिशेबात एक रकाना मात्र सहसा नसतो. आपले गुडघे, आपल्या रक्तवाहिन्या आणि जोडीदाराची प्रकृती यांनीही या वर्षांसाठी काही वेगळे ठरवले असेल, ही शक्यता कोणी लिहून ठेवत नाही.

तालुक्याच्या गावी गेली २८ वर्षे सामान्य चिकित्सक म्हणून रुग्ण तपासताना मला असे वाटू लागले आहे, की उतारवयातील पुष्कळशा दुखण्यांच्या पाठीशी एखादा मोडलेला बेत उभा असतो. रुग्ण सांगतो ते झोप न येणे, भूक मंदावणे, अंग जड वाटणे. रक्तदाब मोजता मोजता थोडे विचारले, तर कळते की मुलाने परदेशातच कायम राहण्याचे ठरवले आहे, किंवा पत्नी गेल्यापासून दोघांनी मिळून ठरवलेली एकही गोष्ट झालेली नाही. या दुःखाला औषधाच्या चिठ्ठीवर जागा नसते. म्हणूनच स्वतः ज्येष्ठ असलेल्या वाचकांशी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांशी याविषयी सविस्तर बोलावे, असे बरेच दिवस मनात होते.

एक मुद्दा आरंभीच मांडतो. बेत आणि त्या बेतामागची ओढ या दोन गोष्टी आपण एकच समजतो. आजारपण, वियोग किंवा पैशाची तंगी बेत मोडू शकते. ओढ बहुतेक वेळा शाबूत राहते आणि तिला दुसरी वाट करून देता येते. ती वाट एका दिवसात सापडत नाही, आणि सापडली तरी पहिल्या प्रयत्नात रुळत नाही.

आधी अडथळा तपासून घ्या

बेत सोडून देण्यापूर्वी तो खरोखरच सोडावा लागणार आहे का, हे पाहून घ्यायला हवे. ‘आता वय झाले’ हे वाक्य आमच्या व्यवसायातील माणसेही फार सहज उच्चारतात आणि ते ऐकले की मला राग येतो. वय हे निदान नव्हे. वाचन सुटले म्हणून खिन्न झालेल्या गृहस्थांच्या डोळ्यांत अनेकदा पिकलेला मोतीबिंदू निघतो आणि छोट्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत त्यांच्या हाती पुन्हा वर्तमानपत्र येते. भजनी मंडळ सोडलेल्या आजींचे मन उडालेले नसते; त्यांना टाळ ऐकू येतात, पण शब्द ऐकू येत नाहीत. श्रवणयंत्र लावायला त्यांना संकोच वाटतो इतकेच.

पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, म्हणून प्रवास बंद केलेल्या काही जणांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळते. शाकाहारी मंडळींत आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती विशेष दिसते. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळीची मात्रा तपासावी लागते. रात्रीची झोपेची गोळी पहाटेच्या पडण्याला कारण ठरू शकते. रक्तक्षय आणि थायरॉइडची मंदावलेली ग्रंथी माणसाला इतके निरुत्साही करतात, की घरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. यांतील प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे. तेव्हा घरातील सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांनी सुचवलेल्याही, एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी आपल्या डॉक्टरांपुढे ओताव्यात. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

अर्थात काही अडथळे हटत नाहीत. अर्धांगवायूने गेलेली ताकद सगळी परत येतेच असे नाही. कंपवात हळूहळू पुढे सरकत राहतो. जोडीदाराचा स्मृतिभ्रंश कोणत्याही इच्छाशक्तीने मागे फिरत नाही. पुढील विवेचन मुख्यतः अशा न हटणाऱ्या अडथळ्यांविषयी आहे.

शोकाचे दिवस

रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी ‘सकारात्मक विचार करा’ असे सांगणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, पण तो सल्ला अवेळी असतो. वीस वर्षे मनात बांधलेले घर कोसळले असेल, तर त्याचाही शोक करावा लागतो. तो करू द्यावा. रुग्ण तीच तीच गोष्ट पुनःपुन्हा बोलत असेल, तर ऐकून घ्यावी. लगेच दुसरा बेत पुढे करू नये.

या काळात एक पथ्य जरूर पाळावे. उपचारासाठी अत्यावश्यक नसेल, तर पहिले सहा महिने, शक्य असल्यास वर्षभर, न फिरवता येणारा निर्णय घेऊ नये. घर विकणे, बक्षीसपत्र करणे, कायमचे दुसऱ्या शहरी जाणे हे निर्णय शोकाच्या भरात घेतले गेले, की पुढे त्यांचेच एक वेगळे दुखणे होऊन बसते.

मात्र शोक आणि नैराश्याचा आजार यांतील सीमा ओळखायला हवी. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवसभर मन उदास असेल, आवडत्या गोष्टीतही रस उरला नसेल, अन्न आणि झोप यांची घडी विस्कटली असेल, ‘मी सगळ्यांना ओझे झालो’ असे उद्गार निघत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. वृद्धांमध्ये हे नैराश्य अश्रूंपेक्षा शरीराच्या तक्रारींतून अधिक बोलते: पोट बिघडते, पाठ दुखते, विसरायला होते. अर्धांगवायूनंतर साधारण तीनांपैकी एकाला ते कधी ना कधी गाठते. तो मनाचा दुबळेपणा नसतो. त्यावर औषधे आहेत आणि ती लागू पडतात. उपचार झाले नाहीत, तर व्यायाम करायलाही माणूस उठत नाही. मरणाची भाषा कोणी करीत असेल, तर ती कधीही थट्टेवारी नेऊ नका आणि त्या माणसाला एकटे ठेवू नका. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते.

‘सकाळी उठून नेमके काय करणार होतात?’

माझ्याकडे येणारे एक गणिताचे शिक्षक आहेत. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून एखाददुसरा तपशील बदलून त्यांची हकीकत सांगतो. संगमेश्वर तालुक्यात त्यांचे वडिलोपार्जित घर आहे. निवृत्तीनंतर तिथे जायचे, हापूसची वीस कलमे लावायची, विहिरीवर पंप बसवायचा, असा पक्का बेत होता. पंपाचे पैसेही भरून झाले होते. निवृत्तीनंतर चौथ्याच महिन्यात एका पहाटे जाग आली, तेव्हा उजवा हात उचलेना आणि बोलणे जडावलेले होते.

इथे थोडे विषयांतर करणे मला भाग आहे. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण अचानक दिसले, तरी घरगुती उपायांत क्षणही न घालवता मेंदूचा सीटी स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात पोचायला हवे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ही वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी. डॉक्टर तीच आधी विचारतात. गुरुजींना झोपेतच झटका आला, त्यामुळे तो कधी सुरू झाला हे कोणालाच सांगता येईना आणि ते इंजेक्शन देता आले नाही.

तीन आठवड्यांनी ते घरी आले. मी भेटायला गेलो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, कोकण संपलं.” त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मी रक्तदाब मोजला, गोळ्या पाहिल्या आणि निघालो. पुढच्या दोन भेटींतही तसेच झाले. चौथ्या भेटीत मी विचारले, “गुरुजी, तिकडे गेल्यावर सकाळी उठून नेमकं काय करणार होतात?” बराच वेळ ते गप्प राहिले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, “उठायचं, आणि कालच्यापेक्षा आज काय वाढलंय ते बघायचं.”

या उत्तरात विहीर नव्हती, वीस कलमे नव्हती, संगमेश्वरही नव्हते. मी आपल्याला सुचवीन तो प्रश्न हाच आहे. बेताबद्दल विचारू नका. त्या बेतातील एका साध्या सकाळीबद्दल विचारा. चारधामला जाऊ न शकलेल्या बाईंना विचारले, तर कदाचित कळेल की त्यांना हिमालयापेक्षा बहिणीबरोबर काढायचे पंधरा दिवस हवे होते. मुलाकडे अमेरिकेला जाऊ न शकलेल्या आजोबांना नातवाला शाळेत सोडायला जायचे असते, आणि शाळेत सोडण्याजोगी मुले आपल्या गल्लीतही असतात. हा पर्याय मूळ गोष्टीची बरोबरी करतो असे मी म्हणणार नाही. मूळ गोष्टीतला एक खरा अंश त्यात असतो.

गुरुजींच्या पत्नीने आणि फिजिओथेरपिस्टने मिळून मागच्या अंगणात कमरेइतक्या उंचीचे एक जुने टेबल मांडले. समोर हात टेकता येतील अशी भक्कम खुर्ची ठेवली. टेबलावर कुंड्या आणि एका परातीत ओलसर माती. काम एकच: उजव्या हाताने मातीची ढेकळे फोडायची. चांगला डावा हात त्या वेळेपुरता मांडीवर ठेवायचा. यामागचे शास्त्र सांगण्यासारखे आहे. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण आसपासचे भाग त्याचे काही काम शिकून घेतात, आणि ते शिकतात ते पुनरावृत्तीने. पाचदहा वेळा हात हलवून भागत नाही, शेकडो वेळा हलवावा लागतो. नुसता हवेत हात वर-खाली करण्यापेक्षा अर्थ असलेले काम केले, तर माणूस कंटाळत नाही आणि ते शिकणे प्रत्यक्ष वापरात उतरते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते. पुढे वेग मंदावतो, तरी ती थांबत नाही. ‘सहा महिन्यांत जे यायचे ते आले, आता काही नाही’ ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी पुष्कळांचा व्यायाम सुटतो.

पुढची हकीकत सरळ नाही. गुरुजींनी हट्टाने मोठ्या पिंपात हापूसचे कलम लावले. दुसऱ्या उन्हाळ्यात ते वाळले, आणि आठवडाभर त्यांनी अंगणात पाऊल टाकले नाही. मग कढीपत्ता आला, मिरची आली, मांडवावर तोंडलीचा वेल चढला. संगमेश्वरचे घर पुतण्या पाहतो. एकदा आठ दिवस तिकडे जाऊन आले, तर परतल्यावर पंधरा दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. पुन्हा न्यायचे नाही असे पत्नीने ठरवले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच जायचे म्हटले. उजव्या हाताने आजही लिहिता येत नाही. वाटी धरता येते, कुंडी सरकवता येते. झाडांची उंची ते डाव्या हाताने वहीत टिपतात. आकडे वाकडे येतात याचा गणिताच्या माणसाला भारी राग येतो.

जिद्द आणि हट्ट

आपल्या भाषेत जिद्द हा शब्द कौतुकाचा आहे आणि हट्ट हा दोषाचा. दवाखान्यात बसून पाहिले, तर दोन्हींची सुरुवात सारखीच दिसते. फरक पुढे पडतो. जिद्दीचा माणूस ध्येय धरून ठेवतो आणि रीत बदलतो. हट्टी माणूस रीत धरून ठेवतो आणि त्यात कधी ध्येयच गमावून बसतो. रोज पहाटे चार किलोमीटर चालणारे एक सद्गृहस्थ काठी हाती घ्यायला तयार नव्हते. “लोक काय म्हणतील?” हा त्यांचा प्रश्न होता. पावसाळ्यात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया वेळेवर झाली, दुसऱ्या दिवशी त्यांना उठवून बसवले, तीन महिन्यांनी ते चालू लागले. आता काठी घेऊनच चालतात आणि लोक काहीही म्हणत नाहीत.

काठीविषयी निघालेच आहे, तर सांगून टाकतो, कारण दहातील निम्मे लोक ती चुकीच्या हातात धरताना मी पाहतो. उजवा गुडघा दुखत असेल, तर काठी डाव्या हातात हवी, म्हणजे दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूला. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकावी. सरळ उभे राहून हात खाली सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. खालचे रबर झिजले की बदलावे. त्याची किंमत नगण्य असते आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेची नसते.

रीत बदलणे म्हणजे काय, हे मला एका वारकरी बाईंनी दाखवले. पंचवीस वर्षे त्या आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जात होत्या. मग हृदयाचे पंपिंग कमी झाले, पायांवर सूज येऊ लागली, आणि दिवे घाट चढण्यास मी स्पष्ट मनाई केली. पहिल्या वर्षी त्या दूरदर्शनसमोर बसून आषाढीपर्यंत रडल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनीच मला येऊन सांगितले, की पालखी फलटणला मुक्कामी येते तेव्हा नातेवाइकांच्या गाडीने आधी तिथे जायचे आणि आपल्या दिंडीच्या स्वयंपाकाला भाजी निवडून द्यायची. “पाय नाही चालत, तर हात चालू द्या की, डॉक्टर,” असे म्हणाल्या. मी मीठ आणि पाणी यांचे पथ्य, गोळ्यांच्या वेळा आणि सोबतीला एक माणूस एवढ्या अटींवर होकार दिला.

मानसशास्त्रज्ञांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. जर्मनीत काम केलेले पॉल बाल्टेस यांनी वार्धक्यातील यशस्वी माणसे काय करतात, हे सांगताना पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण दिले. वय वाढल्यावर रुबिनस्टाइन मोजक्याच रचना वाजवीत, त्यांचा सराव अधिक करीत, आणि द्रुत भाग येण्यापूर्वी लय मुद्दाम संथ ठेवीत, म्हणजे पुढची द्रुत लय ऐकणाऱ्याला अधिक वेगवान भासे. आपल्याकडील वयोवृद्ध गवयांच्या मैफली ऐकलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कॅनडातील कार्स्टन व्रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत, अशक्य झालेले ध्येय सोडता येणे आणि नवे ध्येय धरता येणे या दोन्ही क्षमता माणसाच्या स्वास्थ्याशी निगडित दिसतात. सोडणे ही सुद्धा क्षमता आहे, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते. नवे काही न धरता नुसते सोडले, तर मात्र पोकळी उरते.

थोर माणसांची उदाहरणे रुग्णापुढे ठेवावीत की नाही, याबद्दल मी साशंक असतो. ‘बाबा आमटेंना बघा, आणि तुम्ही इतक्यात हरलात?’ असे कोणी म्हटले, की रुग्ण खचतो. तरीही बाबांच्या आयुष्यातील एक व्यावहारिक गोष्ट मला उपयोगी वाटते. मणक्याच्या गंभीर विकारामुळे त्यांना बसणे अशक्य झाले होते. उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे एवढेच शक्य होते. सत्तरीत असताना, १९८५ मध्ये, त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली, तेव्हा वाहनात त्यांच्यासाठी अंथरुणाची सोय केली होती. थोरवी बाजूला ठेवा, ती सर्वांना जमणारी नाही. अंथरुणाची सोय मात्र आपल्याही घरात करता येते.

शरीराला उभे ठेवणे

नवा बेत कितीही छोटा असला, तरी तो पेलायला स्नायू लागतात, आणि बेत मोडल्यावर माणूस प्रथम अंथरूण धरतो. हे फार महाग पडते. अमेरिकेत निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना प्रयोगासाठी १० दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांच्या स्नायूंचे वजन सरासरी १ किलोच्या आसपास घटले. आजारी माणसाचे याहून बरे होणे शक्य नाही.

उलट बाजूही तितकीच लक्षणीय आहे. १९९० मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातील १० अशक्त रहिवाशांना, ज्यांचे सरासरी वय ९० होते, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम देखरेखीखाली दिला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत स्नायू वाढतात, हे मी रुग्णांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे अविश्वासाने पाहतात.

घरी सुरुवात करायला वजने लागत नाहीत. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवरून हातांचा शक्य तितका कमी आधार घेऊन उठायचे आणि सावकाश बसायचे. पाच वेळा जमले, तर पाच. सकाळी आणि संध्याकाळी. आठवड्याला एकदोनने संख्या वाढवायची. जेवणात डाळ, उसळ, दही, चालत असेल तर अंडे किंवा मासा यांचे प्रमाण वाढवायचे. वरणाच्या पाण्यावर स्नायू उभे राहत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. छातीत दुखले, दम फार लागला किंवा चक्कर आली, तर व्यायाम तिथेच थांबवावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

काळजी घेणाऱ्याचाही बेत असतो

गुरुजींची हकीकत सांगताना त्यांच्या पत्नीविषयी मी मुद्दामच थोडके लिहिले, कारण सगळे तसेच करतात. घरी येणारा प्रत्येक जण ‘गुरुजी कसे आहेत?’ असे विचारी. काकू कशा आहेत, असे कोणी विचारीत नसे. सहासात महिन्यांनी त्या एकट्याच दवाखान्यात आल्या. रक्तदाब वाढलेला होता. मी कारणे विचारू लागलो, तर त्या एकदम म्हणाल्या, “मला तिकडे जायचंच नव्हतं हो डॉक्टर. माझ्या बहिणी इथे, भजन इथे. रोज देवापुढे म्हणायचे, हे जाणं टळू दे. आणि मग हे असं झालं.”

एवढे ओझे त्या बाईंनी सहा महिने एकटीने वाहिले होते. मी त्यांना सांगितले, की कोणाच्या नवसाने मेंदूत गुठळी होत नाही; गुरुजींचा रक्तदाब दहा वर्षे जास्त होता आणि निवृत्तीच्या धांदलीत गोळ्या चुकल्या होत्या. त्यांना ते पूर्ण पटले की नाही, मला माहीत नाही. पण त्यानंतर त्यांनी मंगळवार आणि शुक्रवारच्या भजनाला जाणे पुन्हा सुरू केले. त्या दोन दुपारी गुरुजींपाशी शेजारचा एक महाविद्यालयीन मुलगा बसतो.

आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या पत्नीचा, मुलाचा, सुनेचा स्वतःचा काही बेत होता, हे घराच्या स्मरणातून निघूनच जाते. कोणाची नोकरीतील बढती राहते, कोणाचे शिक्षण. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांमध्ये चार वर्षांत मृत्यूची शक्यता, अशी जबाबदारी नसलेल्यांच्या तुलनेत ६३ टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणून काळजी घेणाऱ्याच्या विश्रांतीला मी चैन मानत नाही. ती उपचाराचाच भाग आहे. दूर राहणाऱ्या मुलांनी दर आठवड्याला ‘काळजी घ्या’ एवढेच म्हणण्याऐवजी एक नेमके काम अंगावर घ्यावे: औषधे मागवणे, वीजबिल भरणे, किंवा दोन दुपारच्या सोबत्याचा पगार देणे. आजाऱ्यानेही, जमेल तेव्हा, समोरच्याला जाऊ द्यावे. ‘जा, मी तासभर राहीन’ हे वाक्य उच्चारायला अर्धांगवायू झालेल्या माणसाला किती बळ लागते, ते मी पाहिले आहे. घरात असे कोणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइन सेवेच्या १४५६७ या क्रमांकावर आपल्या भागातील मदतीची माहिती विचारता येते.

पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांच्या पिशवीबरोबर एक चिठ्ठीही न्या. येत्या तीन महिन्यांत मला काय करता यायला हवे, ते तिच्यावर एका ओळीत लिहा: देवळापर्यंत चालत जाणे, स्वतः आंघोळ करणे, भाचीच्या लग्नात दोन तास बसणे, जे असेल ते. आमची नजर बहुधा साखरेच्या आकड्यावर खिळलेली असते. चिठ्ठी पुढे आली, की कोणती गोळी कमी करायची, फिजिओथेरपिस्ट हवा का, चष्म्याचा नंबर पाहायचा का, हे सगळे वेगळ्या क्रमाने सुचू लागते. बरोबर आलेल्या माणसाने आपल्यासाठीही एक ओळ त्याच चिठ्ठीच्या मागे लिहावी.